यू-९चं नाक वर का आलं?

ट्रिम, म्हणजे पाणबुडीचा पुढचा-मागचा तोल, शिकवताना मी जर्मन पाणबुडी यू-९ची २२ सप्टेंबर १९१४ची सकाळ घेतो. परवा एका प्रशिक्षणार्थीनं विचारलं, "सर, टॉर्पेडो सुटल्यावर बोटीचं नाक पाण्याबाहेर का आलं?" मग ठरलेला पाठ राहिला बाजूला, फळ्यावर दिवसभर यू-९.

बोट पाण्याखाली ६११ टन. टॉर्पेडो सोडायच्या ४५ सेंमीच्या नळ्या पुढं दोन, मागं दोन. टॉर्पेडो एकूण सहा. यू-९चा कप्तान वेडिगेन यानं डच किनाऱ्यासमोर पहिला सोडला तो ब्रिटिश क्रूझर अबुकिरवर, साधारण ५०० मीटरवरून. अबुकिरच्या कप्तानाला वाटलं सुरुंग फुटला. त्यानं सोबतच्या हॉग आणि क्रेसी या क्रूझरना जवळ बोलावलं, आणि त्या येऊन थांबल्यासुद्धा!

हॉगवर मात्र दोन्ही पुढच्या नळ्या सोडल्या. टॉर्पेडो दाबाच्या हवेनं बाहेर ढकलला जातो. समुद्राचं पाणी आत शिरेपर्यंत नळीत हवाच, म्हणजे पाऊणेक टन वजन गायब. दोन नळ्यांचे दीड टन, तेही टोकाला, मध्यापासून वीस-पंचवीस मीटरवर. पेरिस्कोपच्या खोलीवर नाक उसळायला एवढं पुरतं. हॉगच्या तोफा लगेच सुरू झाल्या.

हायड्रोप्लेनचा, म्हणजे बोट वर-खाली वळवणाऱ्या आडव्या पंखांचा, जोर वेगाच्या वर्गानं घटतो. हळू चालणाऱ्या बोटीत त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मग माणसं पळवायची. सत्तर किलोचे दहा जण मागून पुढं धावले की ७०० किलो नाकाकडं, जवळपास एका रिकाम्या नळीची भरपाई.

खरी कमाल माझ्या मते नळीत पुन्हा टॉर्पेडो भरण्यात आहे. बाहेरचं झाकण बंद, नळीतलं पाणी आतल्या टाकीत, तोटी उघडून नळी रिकामी झाल्याची खात्री, मगच आतलं दार. टॉर्पेडो सरकवताना वजन पुन्हा हलतं, ट्रिम पुन्हा बिघडतो. पाण्याखाली हे यू-९नं त्याच जुलैत पहिल्यांदा जमवलं होतं.

क्रेसीवर मागचे दोन सोडले, एक चुकला. शेवटचा सहावा पुन्हा भरलेल्या पुढच्या नळीतून. तीन क्रूझर, चौदाशेहून अधिक मृत. तोवर बॅटरी उतरत आली होती, आणि परतायला होती केरोसीनची कोर्टिंग इंजिनं, ज्यांचा पांढरा धूर दिवसा फार लांबून दिसे.