भीमथडी बघायला जाताय? आधी वाड्यावर जा

बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला तेव्हा सकाळचे पावणेसहा वाजले होते. बाजरी काढलेल्या रानात मेंढरं बसवलेली, भोवती वाघरीचं जाळं, आणि जाळ्याबाहेर तीन घोड्या पुढच्या पायांना पायबंद घालून चरत होत्या. त्यांच्यात एक काळपट शिंगरू मोकळंच फिरत होतं. आम्हाला बघून ते आईच्या पोटाआड गेलं आणि तिथूनच डोकावत राहिलं. भीमथडी घोड्यांची माझी पहिली भेट ती.

‘भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं’ हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेकाठची ती भीमथडी, नीरेकाठची नीरथडी, गोदावरीकाठची गंगथडी, माण नदीकाठची माणदेशी, अशी दख्खनच्या घोड्यांची नावंच नद्यांवरून पडलेली. मराठ्यांच्या फौजेतल्या बारगीर-शिलेदारांच्या मांडीखाली हीच लहानखुरी, काटक जनावरं होती. पण ती तट्टं पुढे गेली कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. ती इतिहासात संपली असंच मी धरून चालले होते. माझी एक मैत्रीण पशुवैद्य आहे आणि लसीकरणाच्या निमित्ताने मेंढपाळांच्या वाड्यांवर, म्हणजे त्यांच्या फिरत्या मुक्कामांवर, तिचं सतत जाणं असतं. ती एकदा सहज म्हणाली, “अगं, संपली कुठे? रोज सकाळी बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतात की.” तेव्हाच ठरवलं, दसरा आणि दिवाळीच्या मधले दोन दिवस काढून जायचं.

हे दिवस का, ते आधी सांगते, कारण तुमचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरेल. पावसाळ्यात मेंढपाळ आपापल्या गावाच्या शिवारात असतात. खरिपाची रानं मोकळी झाली की ते त्या रानांतून फिरू लागतात आणि दिवाळीनंतर कोकण, मावळ-मुळशीच्या दिशेने निघतात. परततात ते मृगाच्या तोंडावर. म्हणजे बारामती, दौंड, पुरंदरच्या जिरायती पट्ट्यात वाडे सहज भेटायचे तर पोळा ते दिवाळी हा काळ धरा. जानेवारीत जाल तर घोड्यांचे वाडे तिथे फारसे भेटायचे नाहीत, ते तेव्हा घाट उतरून गेलेले असतात.

पुण्याहून बारामती साधारण १०० किलोमीटर. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे हा रस्ता घ्या. सोलापूर महामार्गाने पाटसवरूनही जाता येतं, पण वाडे दिसतात ते मोरगाव-सुप्याच्या माळावर. स्वारगेटवरून एसटी आहे, मात्र वाड्यावर पोचायला स्वतःचं वाहन लागतंच. सुप्याला चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका, आणि आजूबाजूच्या गवताळ माळावरही गाडी घालू नका.

वाड्यावर उजाडायच्या सुमाराला पोचायला हवं. आठनंतर गेलात तर राखुंडी आणि लेंड्या दिसतील, बाकी काही नाही. मेंढरं आज ज्याच्या रानात बसवली, त्याला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. उद्या रान दुसरं. त्यामुळे बिऱ्हाड जवळपास रोज हलतं, आणि ते हलवायचं काम घोडीचं आणि बाईचं. गडी मेंढरं घेऊन चरत चरत पुढे जातात. पाल उतरवणं, भांडी बांधणं, घोड्या लादणं, नव्या जागी जाऊन पुन्हा चूल मांडणं हे सगळं बायका करतात. भीमथडीबद्दल मी जे काही वाचलं होतं त्यात तलवारी होत्या, स्वाऱ्या होत्या. या बायका त्यात कुठेच नव्हत्या.

त्या वाड्यावरच्या थोरल्या वहिनींनी पांढरी घोडी लादायला घेतली. पाठीवर आधी जुनी वाकळ चौपदरी घडी करून टाकली, तिची एकही सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने दोनदा सारखी केली. त्यावर खोगीर. मग पोटाखालून तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा. मला वाटलं हे आपल्याला जमेल, म्हणून मी हात लावला आणि तंग जोरात ओढला. वहिनी म्हणाल्या, “लगीच आवळू नगं. पोट फुगवून धरती ती. दोन पावलं चालव, मग वढ.” घोडीला दोन पावलं चालवलं, तिने श्वास सोडला, तंग चांगला चार बोटं सैल झाला. मग त्यांनी तो एका झटक्यात बसवला.

पुढचं सगळं तोलाचं काम. एका बाजूला धान्याची गोणी, दुसऱ्या बाजूला भांड्यांचं गाठोडं. दोन्हींचं वजन हाताने उचलून, मनाशी जोखून. कमी पडलं तिकडे एक दगडी खलबत्ता गेला. वर पालाची घडी, वाकळा, त्यावर दोरीने आडवीतिडवी बांधणी. बांधणीवर कोंबड्यांचं डालगं. शेवटी दोन दिवसांची दोन कोकरं बारदानाच्या पिशवीत, नुसती तोंडं बाहेर, गोणीच्या कडेला अडकवली. एवढं होईपर्यंत घोडी उभी होती. कोणी तिला धरलं नव्हतं. लगाम नव्हता, नुसती दोरीची म्होरकी, तीही जमिनीवर लोळत होती. एक कोकरू ओरडलं तेव्हा तिने फक्त कान त्या बाजूला फिरवला.

मी विचारलं, “वहिनी, याहून उंच घोडी नाही का ठेवत? ओझं जास्त घेईल.” त्यांनी घोडीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या खांद्याला ती पाठ जेमतेम लागत होती. म्हणाल्या, “उंच घेतली तर गोणी वर कोण चढवंल? तुझं दाजी हायती का हितं?”

मैत्रिणीकडे मापपट्टी होती. पांढरी घोडी खांद्यापाशी साडेपन्नास इंच भरली. घोड्याच्या भाषेत १ हँड म्हणजे ४ इंच, म्हणजे १२ हँड आणि अडीच इंच. जगभर साधारण १४ हँड २ इंचांपर्यंतच्या जनावराला पोनी म्हणतात, तेव्हा हिला पोनी म्हणायला काहीच हरकत नाही. खूर काळे, टणक, नाल नाही. दाणा नाही, माळावर जे मिळेल ते गवत. अशी जनावरं पिढ्यानपिढ्या टिकली ती एकटीदुकटी बाई त्यांना लादू शकते म्हणून, हे मला त्या रानात उभं राहून कळलं.

दुपारी बारामतीजवळच्या एका पागेत गेलो. ही माणसं दुसऱ्या टोकाची. शिकलेली, घोडेस्वारीची हौस असलेली, आणि गेली कित्येक वर्षं भीमथडीच पाळायची असा हट्ट धरून बसलेली. फाटकातच आम्हाला थांबवलं. “सकाळी दुसऱ्या घोड्यांजवळ होतात ना? मग बूट धुवा, हात धुवा.” जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय आत सोडलं नाही. मला क्षणभर अपमान वाटला, पण त्यांचंच बरोबर होतं. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यांमध्ये जिवाणूंनी पसरतो, माणसालाही होतो, आणि तपासणीत घोडा बाधित निघाला तर त्याला दयामरण द्यावं लागतं. म्हणून एकाच दिवशी दोन ठिकाणी जाणार असाल तर कपड्यांचा आणि बुटांचा दुसरा जोड गाडीत ठेवाच. यात्रेतल्या बाजारातून परस्पर पागेत जाण्याचा विचारही करू नका.

पागेचे मालक तात्या. त्यांनी घोडे दाखवायच्या आधी वही दाखवली. प्रत्येक घोडीची आई कोण, बाप कोण, कोणत्या वाड्यावरची, जन्म कधी, रंग, कपाळावरचा टिक्का, कोणत्या पायाला पांढरं, भोवरे कुठे. गाभण घोडीला ११ महिने लागतात, त्यामुळे एका घोडीचं वर्षाला फार तर एक शिंगरू. त्यातही वळू घोडा कुठला लावायचा याला ते महिनोन्महिने विचार करतात. जवळच्या नात्यातला नको, म्हणून वळू आणायला ते माणदेशापर्यंत जाऊन येतात. वाड्यावरची चांगली घोडी मात्र विकत घेत नाहीत. त्याऐवजी आपला वळू वाड्याकडे पाठवतात आणि होणाऱ्या शिंगराची नोंद आपल्या वहीत घेतात. ही गोष्ट मला सगळ्यांत आवडली. चांगल्या माद्या उचलून आणल्या तर पागा भरेल आणि वाडे ओस पडतील, हे त्यांनी नीट ओळखलं आहे.

भीमथडीला देशातली घोड्यांची आठवी जात म्हणून मान्यता मिळाली आहे. आधीच्या सात म्हणजे मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्कारी आणि भुतिया. त्यासाठी नुसतं ‘आमचा घोडा वेगळा’ म्हणून भागत नाही. कानाच्या लांबीपासून छातीच्या घेरापर्यंत मापं घ्यावी लागतात, रक्ताचे नमुने द्यावे लागतात, इतर जातींशी जनुकीय अंतर दाखवावं लागतं. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामात होतं, आणि जातीची नोंद होते ती कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत. तात्या त्याबद्दल बोलताना उभे राहूनच बोलत होते. त्यांच्या दृष्टीने इतकी वर्षं ‘बिनजातीचं तट्टू’ म्हणून हिणवलेल्या जनावराला नाव परत मिळालं होतं.

आता काळजी वेगळीच आहे. नाव झालं तसे घेणारे येऊ लागले, आणि त्यातले पुष्कळ येताच विचारतात, “एवढंच उंच?” सारंगखेड्याला जा, अकलूजला जा, माळेगावच्या यात्रेला जा, घोडा आधी उंचीवर तोलला जातो. मग कोणीतरी भीमथडी घोडीला मारवाडी घोडा लावतो. शिंगरू चार बोटं उंच होतं, बाजारात जास्त पैसे देतं, आणि त्याची पुढची पिढी ना धड इकडची ना तिकडची. तात्यांनी अशी दोन गिऱ्हाइकं परत पाठवल्याचं सांगितलं. मला तेव्हा वहिनींचा खांदा आठवला. मी ती गोष्ट त्यांना सांगितली, तर त्यांनी वही उघडून पांढऱ्या घोडीच्या पानावर ‘५०॥ इंच’ लिहून घेतलं. ती घोडीसुद्धा त्यांच्या नोंदीत होती!

पागेत बसायला मिळालं तर बसा, पण आग्रह करू नका. तात्यांकडे ६० किलोंच्या वरच्या माणसाला घोडीवर बसवत नाहीत, आणि तो नियम मला योग्य वाटला. मी बसले. दुडकी चालीत पाठ फार उसळत नाही, वळताना घोडी जागच्या जागी फिरते. काट्याकुट्यांतून, दगडांतून ती पाय कुठे टाकायचा ते स्वतः बघते. आपण लगाम सैल सोडायचा, एवढंच.

वाड्यावर जाणार असाल तर अजून थोडं सांगते. ओळखीच्या कोणाला तरी बरोबर घ्या. गावातला पशुवैद्य किंवा दूधवाला सगळ्यांत बरा, त्याला कुठला वाडा आज कुठे आहे हे ठाऊक असतं. गाडी लांब लावा आणि आधी हाक मारा, कारण कुत्री लांडग्यांसाठी पाळलेली असतात आणि ती तुम्हालाही सोडणार नाहीत. घोडीकडे डाव्या खांद्याच्या बाजूने, तिला दिसेल असं जा. मागून नको, आणि शिंगरू नि घोडीच्या मधे तर मुळीच उभं राहू नका. तळहातावरून गूळ भरवायचा मोह होतो, पण विचारल्याशिवाय काही देऊ नका. ड्रोन घरीच ठेवा. मेंढरं त्या आवाजाने जाळं तोडून उधळतात, आणि लादलेली घोडी उधळली तर आख्खं बिऱ्हाड रानभर होतं. बायकांचे फोटो विचारूनच काढा, आणि काढलेत तर प्रिंट करून पुढच्या खेपेला नेऊन द्या. पैसे पुढे करू नका, वहिनींनी माझे घेतले नाहीत. चहापूड, साखर, आणि मेंढरांसाठी जाडं मीठ मात्र त्यांनी आनंदाने ठेवून घेतलं.

परतताना पुन्हा त्याच रस्त्याने आलो. वाडा दीडेक किलोमीटर पुढे, कांद्याच्या मोकळ्या रानात गेला होता. पाल उभं राहिलं होतं, चूल पेटली होती. पांढरी घोडी ओझं उतरवून धुळीत लोळत होती आणि शिंगरू तिच्याभोवती चौखूर धावत होतं. तात्यांच्या वहीत त्याच्या रंगाची जागा कोरी आहे. ते म्हणाले होते, पांढऱ्या घोडीचं शिंगरू काळपट जन्मून पुढे पांढरं होऊ शकतं, आणि त्याची खूण आधी डोळ्यांभोवती दिसते. वहिनींनी त्याचं तोंड धरून मला दाखवलं. पापणीच्या वर चारपाच करडे केस होते.

वाडे जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येतील, तेव्हा मी जाणार आहे. मैत्रिणीने तात्यांना तसं कळवूनही टाकलं आहे.