दादऱ्याच्या सहा मात्रा आणि माझे दोन रविवार

ढोलकी वाजवणाऱ्या मित्राला कानात क्लिक (ठरलेल्या गतीची टिकटिक) देऊन, समोर बसून लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येतील असे तुकडे, रेकॉर्ड करून घेतले होते. त्यांचं फोल्डर गाणी जुळवायच्या सॉफ्टवेअरला जोडणं पाच मिनिटांचं काम. पहिला केरवा तालाचा लूप ओढून टाकला, ग्रिडवर (स्क्रीनवरच्या मात्रांच्या रेघांवर) चपखल बसला. म्हटलं, झालं.

मग दादरा टाकला. प्रोजेक्टची गती मिनिटाला १२० मात्रा, लूपही १२०लाच वाजवलेला. तरी मागे कुत्रं लागल्यासारखा पळत होता, आणि डाव्या हाताचा घुमारा मधेच कापल्यासारखा येत होता. मित्राला फोन केला, तर तो म्हणे, "मी असा वाजवलेला नाही." बरोबरच होतं त्याचं.

टाइम सिग्नेचर, म्हणजे एका घरात किती मात्रा ते, फोर-फोरचं सिक्स-फोर केलं. नुसत्या रेघा सरकल्या, ढोलकी तशीच धावतेय. वैतागून गती कमी करत ८०वर आणली तर दादरा अगदी मस्त वाजायला लागला! पण आता हार्मोनियमचे लूप रेंगाळायला लागले. पहिला रविवार इथे गेला. व्हिडिओ पाहावेत तर सगळे चारच्याच हिशेबात बोलणारे.

दुसऱ्या रविवारी कागद घेऊन बसलो. १२०च्या गतीला सहा मात्रा म्हणजे ३ सेकंद. साध्या वेव्ह फाइलमध्ये बहुतेक वेळा गती लिहिलेलीच नसते, त्यामुळे सॉफ्टवेअर लांबीवरून अंदाज बांधतं. ३ सेकंद पाहून त्यानं चार बीट (मात्रा) धरले, म्हणजे गती ८०. मग मला मदत म्हणून ८०चे १२० केले आणि ३ सेकंदांचा दादरा २ सेकंदांत कोंबला. केरव्याच्या मात्रा आठ, त्या चारच्या हिशेबात बसतात, म्हणून तिथे भांडण झालं नाही. क्लिपच्या सेटिंगमध्ये बीटच्या जागी ४ खोडून ६ लिहिले. संपलं! एवढ्यासाठी दोन रविवार.

लूप मुळातच प्रोजेक्टच्या गतीला वाजवलेला असेल तर स्ट्रेच (लूप ताणून-दाबून गतीला जुळवणं) सरळ बंद करा, घुमारा शाबूत राहतो. गती माहीत नसेल तर मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. आणि हो, एमपी३ लूप घेऊ नका. पुष्कळदा सुरुवातीला काही मिलिसेकंदांची पोकळी असते, पुन्हा फिरताना सम (पहिली मात्रा) उशिरा पडते.

आता माझ्याकडे फाइलचं नाव असं असतं: दादरा, ६ मात्रा, १२०, ढोलकी, काळी एक. पूर्वी 'नवीन फायनल २' असायचं. फक्त नावं आधी बदला, गाण्यात नंतर घ्या. मी उलटं केलं. जुनी तीन गाणी उघडली की अजून 'फाइल सापडत नाही' म्हणून गळा काढतात.