लॉगमध्ये नसलेली ओळ

गणपती तोंडावर आलेले. कोकणात जाणाऱ्या खासगी बसचं ऑनलाइन बुकिंग आमची टीम सांभाळते, आणि वर्षातला खरा धंदा याच दिवसांत होतो. रेल्वेचं आरक्षण केव्हाच फुल्ल झालेलं असतं, त्यामुळे लालबागपासून विरारपर्यंतचा चाकरमानी आमच्या साइटवर येतो. त्याच धामधुमीत एका दुपारी लोअर परळच्या ऑफिसातून आम्ही नवा बिल्ड, म्हणजे साइटची नवी आवृत्ती, डिप्लॉय केला, म्हणजे लोकांसाठी सुरू केला. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही.

आमच्या टेस्टर ताई प्रत्येक डिप्लॉयनंतर स्वतः एक तिकीट काढून बघतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी कणकवलीची सीट निवडली, नेटबँकिंगवर क्लिक केलं आणि मला हाक मारली, "अरे, इकडे ये. हे बँकेचं पान आहे का?"

नव्हतं. पांढऱ्या पानावर फक्त दोन बटणं होती, 'सक्सेस' आणि 'फेल्युअर'. पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या, टेस्ट मोडमध्ये दिसतं ते पान. कुणीही 'सक्सेस' दाबलं की सीट बुक, आणि खात्यात एक रुपया नाही.

लीडनी लगेच जुना बिल्ड परत लावायला सांगितला. मधल्या वेळात झालेल्या बुकिंगची यादी काढून सपोर्टच्या मुलांनी एकेकाला फोन लावले. एक काका एवढंच म्हणत राहिले, "पैसे आत्ता भरतो, पण माझी सीट दुसऱ्याला देऊ नका." त्यांची सीट आम्ही लॉक करून ठेवली.

गेटवे खरे पैसे घेणार की नुसती चाचणी करणार, हे ठरवणाऱ्या कोडला आम्ही किल्ली म्हणतो. टेस्टची किल्ली आली कुठून, ते लवकर कळलं. बिल्ड सर्व्हर नवीन होता आणि त्याच्यावरची एन्व्हायर्नमेंट फाइल, म्हणजे किल्ल्या आणि सेटिंग ठेवायची फाइल, स्टेजिंगवरून, म्हणजे आमच्या चाचणीच्या साइटवरून, आली होती. मला खटकत होतं ते वेगळंच. नेमकी हीच चूक पकडायला आमच्याकडे एक तपासणी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, होती. मग ती गप्प का बसली?

डिप्लॉय होताना काय काय चाललं त्याची नोंद लॉगमध्ये राहते. जुना आणि नवा लॉग शेजारी-शेजारी उघडले. एरर असती तर ती लाल रंगात समोर आली असती. जी ओळ नाहीच, ती डोळ्यांना दिसत नाही. बराच वेळ वर-खाली केल्यावर सापडलं: जुन्या लॉगमध्ये बिल्डच्या आधी 'पेमेंट किल्ली: लाइव्ह' अशी ओळ होती, नव्यात ती नव्हती. तपासणी नापास झाली नव्हती. ती चाललीच नव्हती.

आमची साइट नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालते, आणि तिच्या स्क्रिप्टची यादी पॅकेज डॉट जेसन या फाइलमध्ये असायची. ही तपासणी तिथे 'प्रीडिप्लॉय' या नावाने होती. या स्क्रिप्ट चालवणाऱ्या एनपीएम या टूलचा नियम असा की 'एनपीएम रन डिप्लॉय' म्हटलं की आधी प्रीडिप्लॉय, मग डिप्लॉय, मग पोस्टडिप्लॉय आपोआप चालतं, आणि आधीची पायरी फसली तर पुढची चालत नाही. पण नवा सर्व्हर उभा करताना एनपीएमऐवजी नोडचं स्वतःचं 'नोड --रन' वापरलं गेलं होतं. एप्रिल 2024 मध्ये नोड 22 सोबत आलेली ही सोय एनपीएमपेक्षा चटकन सुरू होते, म्हणून निर्णयात गैर काही नव्हतं. मात्र 'प्री' आणि 'पोस्ट' स्क्रिप्ट ती चालवत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे आणि नोडच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

माझं ठाम मत आहे की ज्या पायरीवर लोकांचे पैसे अवलंबून आहेत, ती फक्त नावाच्या उपसर्गाच्या भरवशावर टांगून ठेवू नये. डिप्लॉयची ओळ वाचणाऱ्याला तपासणीचा पत्ताच लागत नव्हता. बरं, शेजारी टीप लिहावी तर जेसनमध्ये कॉमेंट चालत नाही.

त्याच आठवड्यात आम्ही सगळ्या स्क्रिप्ट एनपीएस या टूलवर नेल्या. त्याची यादी 'पॅकेज-स्क्रिप्ट्स डॉट जेएस' या साध्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये राहते. त्यामुळे कॉमेंट लिहिता येते, बिल्ड, टेस्ट, डिप्लॉय असे गट पाडता येतात आणि प्रत्येक स्क्रिप्टला वर्णन देता येतं. 'एनपीएस हेल्प' म्हटलं की ती वर्णनं टर्मिनलवर दिसतात. डिप्लॉयमध्ये आता तपासणी, बिल्ड, अपलोड अशा तिन्ही पायऱ्या ओळीने लिहिलेल्या आहेत. यासाठी नवं टूल आणायलाच हवं असं नाही; पॅकेज डॉट जेसनमध्येच तिन्ही कमांड && ने जोडल्या असत्या तरी तपासणी डोळ्यांसमोर आली असती.

जोडताना दोन्ही & हवेत, हे मात्र टीममधल्या प्रत्येकाला सांगितलं. एकच & दिला तर लिनक्सवर आधीची कमांड मागे चालत राहते आणि पुढची तिची वाट न बघता सुरू होते. विंडोजवर पुढची कमांड आधीची संपेपर्यंत थांबते खरी, पण आधीची फसली तरी चालतेच. दोन्हीकडे तपासणीला अर्थ उरत नाही.

सगळं झाल्यावर ताई म्हणाल्या, "मला ते थांबताना बघायचंय." मग स्टेजिंगवर मुद्दाम टेस्टची किल्ली ठेवून, प्रॉडक्शनचीच, म्हणजे खऱ्या साइटचीच, तपासणी लावून डिप्लॉय चालवलं. 'पेमेंट किल्ली: टेस्ट' अशी ओळ आली आणि बिल्डला हात न लावता काम थांबलं. तो लॉग ताईंनी या बिघाडाच्या नोंदीला जोडला, आणि त्यानंतरच लीडनी प्रॉडक्शनच्या डिप्लॉयला परवानगी दिली.