पाळी गेल्यावरची झोप आणि श्वासाचा व्यायाम

मैत्रिणींनो, पाळी गेली की झोप उडतेच, असं आपण धरून चालतो. इथे कोलोरॅडोत, बोल्डरला, माझ्या डॉक्टरबाईंनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, ‘घोरता का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का?’ प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वासाला चालना देतं. पाळी गेल्यावर ते घटतं आणि झोपेत श्वास अडण्याचा त्रास, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, बायकांत वाढतो. पुष्कळजणी मोठ्याने घोरतही नाहीत, नुसत्या थकलेल्या असतात. मग सगळं खापर वयावर फुटतं.

घरच्या घरी तपासणी झाली, सौम्य अ‍ॅप्निया निघाला. उपचार सुरू झाले आणि जोडीला डॉक्टरांना विचारूनच मी श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम धरला. मुठीत मावणारं एक यंत्र असतं. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि जोर लावून श्वास आत ओढायचा. घट्ट मस्तानी बारीक नळीने ओढावी, तसं वाटतं. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला ताण जाणवतो, तोच श्वासपटल. हा प्राणायाम नव्हे. प्राणायामात श्वास सावकाश सोडायला शिकतो, इथे स्नायूंना वजन उचलायला लावतो.

याचा एक नावाजलेला अभ्यास आमच्याच गावातल्या कोलोरॅडो विद्यापीठाने 2021 मध्ये प्रसिद्ध केला. 50 ते 79 वयाची 36 माणसं, रोज 30 श्वास, आठवड्यातून 6 दिवस, 6 आठवडे. वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरला. पाळी गेलेल्या, इस्ट्रोजेन न घेणाऱ्या बायकांच्या रक्तवाहिन्यांना चालण्या-पळण्याचा फायदा पुरुषांइतका होत नाही, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठातही अ‍ॅप्निया असलेल्यांवर असेच प्रयोग झाले. तिथेही रक्तदाब उतरला.

अंगातून वाफा येतात त्यावर मात्र याची भिस्त ठेवू नका. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीच्या 2023 च्या शिफारशींत त्यासाठी संथ श्वसनसुद्धा सुचवलेलं नाही. सीबीटी हा समुपदेशनाचा प्रकार सुचवला आहे. कानाच्या पडद्याला छिद्र असेल किंवा पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर हे यंत्र तोंडाला लावूच नका.

नाशिकच्या मावशीलाही गेल्या रविवारी तेच प्रश्न विचारले. डोकं रोजच जड असतं म्हणाली. आता तिची झोपेची तपासणी ठरली आहे.