फणस, पेव्हर आणि मामाची पहार

आमच्या परसात एक फणस आहे, आज्जानं लावलेला, बरका जातीचा, म्हणजे मऊ गऱ्यांचा. (कापा आवडणाऱ्यांनी इथं वाद घालू नये.) बेळगावात पाऊस लागला की चार महिने त्या फणसाखाली नुसता लाल चिखल, चपला आत आल्या की फरशी लाल आणि आईची बडबड सुरू, म्हणून दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढला तेव्हाच म्हटलं एकदाचे परसात पेव्हर घालून टाकू. गवंडी विचारत होता झाडाभोवती किती जागा सोडू, मी म्हटलं सोडतोस कशाला, पार बुंध्याला भिडव आणि वर सिमेंटचा गोल कट्टा कर, संध्याकाळी चहा प्यायला बसायला होतंय. दिसायला एकदम भारी झालं. स्टेटसला फोटो टाकला, लोकांनी बदाम पाठवले.

पुढच्या उन्हाळ्यात शेंड्याची एक फांदी वाळली. मग दुसरी. पानं बारीक यायला लागली, पिवळी पडून गळायला लागली. मी काय केलं तर सगळे करतात तेच, यूट्यूब बघितलं, ओळखीच्या नर्सरीवाल्याला फोटो पाठवला, तो म्हणाला युरिया द्या, कट्ट्याच्या फटीतनं युरियाचं पाणी ओतलं. आणि खाली पडलेली पानं रोज सकाळी गोळा करून गेटबाहेर काडी लावायची, ते तर आमच्या गल्लीत सगळेच करतात, सात वाजता अख्ख्या गल्लीत धूर.

मे महिन्यात जांबोटीकडचा मामा आला, पिशवीत ओले काजू आणि करवंदं घेऊन. चहाचा कप हातात घेऊन कट्ट्यावर बसला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि कप बाजूला ठेवला.

"काय करालास गा हे? पाणी जातंय कुठनं झाडाला? वारा जातोय कुठनं?"

म्हटलं मामा, मुळं खोल असतात की, ती घेतात खालचं पाणी. मामा नुसता हसला. आता मला कळलंय ते सांगतो, झाडाचं अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि पसरतात फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरनं माती ठोकून घट्ट केली, सिमेंट ओतलं, की ती हळूहळू गुदमरतात आणि झाड शेंड्याकडनं वाळत खाली येतं. एका दिवसात मरत नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

मामानं शेजाऱ्याकडनं पहार मागून आणली आणि सत्तरीतला माणूस स्वतः कट्टा फोडायला लागला, मग मला लाज वाटून मी घेतली. पहिला पेव्हर उचकटला तर खाली माती पांढरट, कोरडी, वीट भाजल्यासारखी. चौथ्या-पाचव्या पेव्हरच्या खालच्या बाजूला बोटाएवढी मुळं चिकटलेली होती, गोल नाहीत, पट्टीसारखी चपटी, ओलावा शोधत सिमेंटच्या पोटाला घासत सरकलेली. ते बघून मला कसंतरीच झालं. मामा काही बोलला नाही, त्यानं तेवढ्या मुळांवर ओला गोणपाट टाकला.

घेराखालचे सगळे पेव्हर काढले. माती खणायची नाही म्हणाला, मुळं तुटतात, नुसती वरवर मोकळी करायची. वर दोन बुट्ट्या शेणखत आणि त्यावर सुकी पानं, जी मी जाळत होतो तीच, पण बुंध्यापासनं अर्धा फूट लांब, नाहीतर साल ओली राहून कुजते.

मामाकडं हे सगळं काही नवीन नाही. त्याच्या बांधावर मत्तीची झाडं आहेत, पुस्तकात ऐन म्हणतात ती. भाताचा तरवा टाकायच्या आधी राब भाजायला, म्हणजे रोपाच्या जागेवर पसरून जाळायला, त्यांचा पाला लागतो. दरवर्षी तोडतो, पण शेंडा कधी छाटत नाही आणि एका झाडाला तोडलं की त्याला पुढची दोन-तीन वर्षं हात लावत नाही. मी लहानपणापासनं तीच झाडं बघतोय, तिथंच आहेत. न्हाणीतल्या हंड्याखाली पडलेल्या काटक्या आणि नारळाची सोडणं, स्वयंपाकाला गोबर गॅस. 2 घनमीटरच्या गॅसला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं पाहिजेत, तेवढी आता कुणाकडं राहिलीत म्हणा. त्यामुळं मामाचं ऐकून सगळ्यांनी गोबर गॅस घाला असं मी सांगणार नाही.

रोपांचंही तेच. आम्ही मित्रांनी एका 5 जूनला गावाच्या माळावर 40 रोपं लावली, बॅनर, नारळ, फोटो सगळं झालं. पुढच्या मेमध्ये जाऊन मोजली, 6. बाकीची शेळ्यांनी आणि उन्हानं खाल्ली. त्या 6 ला कुणीतरी करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं, आमच्यापैकी नाही, मेंढपाळ असावा बहुतेक. म्हणून मला आपल्या कर्नाटकची ती कृषी अरण्य प्रोत्साहन योजना बरी वाटते, वन खात्याच्या नर्सरीतनं रोप न्यायचं आणि पैसे मिळतात ते लावल्याचे नाही, जगल्याचे, तीन वर्षं मोजून. अर्ज कन्नडात, पण तेवढं आपली पोरं भरतात.

पेव्हरनी आणखी एक घोळ केला होता तो पहिल्या पावसात कळला. परसातलं सगळं पाणी सरळ गटारात जात होतं आणि आमची विहीर मार्चमध्येच तळ दाखवत होती. हिशेब केला तर हजार चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 9 हजार लिटरच्या वर पाणी होतं, आणि आपल्याकडं तेवढा पाऊस जुलैच्या एका आठवड्यात सहज पडतो. आता छपराची पाईप विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलीय. फणसाजवळ मुद्दाम नाही, त्याला पाणी साचलेलं चालत नाही. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली, गांधीजी अध्यक्ष होते ते, तेव्हाच्या लोकांनी पाहुणे यायच्या आधी पाण्याचा विचार केला आणि आम्ही बसायच्या कट्ट्याचा.

झाड वाचलं का? वाळलेल्या दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच, मामानं कापायला लावल्या. पण श्रावणात खालच्या फांद्यांना पोपटी पालवी आली, आणि पानांचा थर बाजूला केला की खाली गांडुळं. यंदा बुंध्याला एकच फणस धरलाय, आई रोज सकाळी त्याला हात लावून बघते आणि चिखलावरनं एक शब्द बोलत नाही.

काढलेले पेव्हर कंपाउंडला रचून ठेवलेत, 200 तरी असतील. कुणाला पाहिजेत तर घेऊन जावा, गाडी लावायच्या जागेला घाला, गोठ्यात घाला. झाडाभोवती घालायला मागितलात तर मामाला फोन लावून देतो.