माळ्यावरचे अकरा दिवे

दिवाळीसाठी तीन आठवडे कोथरूडला आलेय. आईने आल्या आल्या माळा आवरायला लावला. मोदकपात्राच्या मागे बुटांचा खोका निघाला, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा सीएफएल, ते वीज वाचवणारे पांढरे दिवे. सगळे गेलेले. लोडशेडिंगच्या काळात कौतुकाने घेतले होते, मग एलईडी आले.

"टाकून का नाही दिलेस?"

"कुठं?"

मला उत्तर येत होतं, पण मी राहते त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टचं. तिथे पहिल्याच महिन्यात मी गेलेला सीएफएल काळ्या, म्हणजे साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या, हातात रुमालात धरलेला माझा दिवा! रागावल्या नाहीत. कोट घातला आणि मला दुकानापर्यंत नेऊन दाराजवळचं, गेलेले दिवे टाकायचं खोकं दाखवलं. पैसे नाहीत, पावती नाही, टाकायचं आणि निघायचं.

पण तिथली मेख ऐका. जुना पिवळा बल्ब मात्र खुशाल काळ्या डब्यात, हॅलोजनही. काय तर म्हणे, नुसती काच आणि तार. एलईडीत सीएफएलसारखा पारा नसतो, तरी तो खोक्यातच, कारण आत सर्किट. मग मी दर वेळी भिंग घेऊन दिव्याच्या बुडाशी 'साध्या कचऱ्यात नको' सांगणारं चित्र, चाकांच्या डब्यावर मारलेली फुली, शोधत बसते. नवरा म्हणतो, दिवा बदलायला दोन मिनिटं, फेकायला अर्धा तास.

आईला मी पाऱ्याचं सांगितलं. एका दिव्यात जेमतेम ३ ते ५ मिलिग्रॅम, पण कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की वाफ सुटते. घरात फुटला तर आधी खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर जायचं. झाडू नाही, व्हॅक्यूम तर नाहीच. तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलायचे, भुकटी चिकटपट्टीने टिपायची, सगळं झाकणाच्या बरणीत.

आईने शांतपणे ऐकलं. "तू आणि मधल्या वाड्यातली पोरं कोपऱ्यावर ट्यूब फोडायचात. फ्रॉकला पांढरी पावडर लावून यायचीस."

आता त्या वयात कोण सांगणार होतं? कंटेनरशेजारी लोक ट्यूब उभ्या करून ठेवायचे आणि त्या फुटताना असला सुरेख आवाज यायचा! आणि कायदा आपल्याकडेही आहे बरं का. २०१६च्या ई-कचरा नियमांत सीएफएल होते, परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर; २०२३पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत, पाऱ्याचे दिवे त्यांतही आहेत. शिवाय श्टुटगार्टमध्ये माझ्या कचऱ्याला हात लावणारं माणूस मला कधी दिसलेलं नाही. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ', २००८पासून. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या त्यांच्यातल्या ताई तर आईला केव्हाच बजावून गेल्यात, "वहिनी, काच सुक्यात टाकू नका, वेगळी हातात द्या." त्यांच्या अंगठ्यावर व्रण आहे. म्हणूनच आईला ते दिवे त्यांच्या हातात द्यायचा धीर होत नाही.

मी ई-कचरा नेणाऱ्या दोन ठिकाणी फोन केले. एक म्हणाला, लॅपटॉप असेल तर लगेच येतो. दुसरा म्हणाला, किती किलो आहे?

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ने की तिकडे, खोकं आहे ना तुमचं." क्षणभर मी बॅगेचा विचारही केला.

खोका परत मोदकपात्रामागे गेलाय. वर बाबांच्या अक्षरात पाटी: 'पारा आहे. पाडू नये. कोणाचा, ते विचारू नये.'