भोकांचा दगड अखेर बोलला (भुसावळ, चौथा रविवार)

तीन रविवार खाल्ले त्या दगडाने, पण काल निघाला वाचून! भुसावळच्या जुन्या ख्रिश्चन कब्रस्तानातला कोपऱ्यातल्या कबरीवरचा संगमरवरी, तोच. अख्खा नाही, नाव अजून अर्धंच आहे, पण खाली "जी. आय. पी. रेल्वे" (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, इंग्रजांच्या काळातली रेल्वे कंपनी) आणि वर्ष आलं.

घोळ माझाच होता. कोवळ्या उन्हात फोटो भारी येतात म्हणून दर वेळी सकाळी 7 ला हजर, आणि दगडाचं तोंड पूर्वेला, म्हणजे ऊन समोरून सपाट, अक्षरांना सावलीच नाही. काल सायकलची चेन उतरली, पोचायला साडेअकरा झाले, ऑक्टोबरचं ऊन, डोकं तापलेलं, आणि बाराच्या सुमारास सूर्य दगडाच्या कडेवर आला तसे त्यावर काळे ठिपके उठले की राव! शिशाची अक्षरं कधीच गळलीत, ती ठोकायला पाडलेली बारीक भोकं तेवढी राहिलीत. जेमतेम पंधरा मिनिटं दिसली. तिरका उजेड पाडायला आरसा होता पिशवीत, पण सावली तर सूर्यानेच दिली.

मग बटर पेपर लावून वरून मेणाचा खडू फिरवला, भोकं पांढरी उठली. (ट्रेसिंग पेपर घेऊ नका, घडीवर फाटतो. बेकरीवाल्याकडचा बटर पेपर झकास.) रखवालदार काका मागे येऊन उभे, "काय भोकं मोजू राह्यले का भो?" हो, तेच करत होतो. मी 1888 धरून बसलेलो, पण शेवटच्या आकड्याला डावीकडे फक्त वरच्या नि खालच्या टोकाला भोक, मध्ये कोरं. 8 असता तर तिथेही असती. म्हणजे 1883! एकटाच नाचलो तिथे.

आणि अक्षरं उठावीत म्हणून दगडावरच पीठ किंवा खडू चोळायचा सल्ला परत कोणी देऊ नका, तारेचा ब्रश तर नकोच, आणि ॲसिडवालं क्लीनर संगमरवर खातं. साधं पाणी, मऊ ब्रश, बास.

पुढच्या रविवारी उरलेलं नाव करणार होतो. पण आत्ता लिहिता लिहिता डोक्यात आलं, शिरपूरजवळ थाळनेरला फारुकींच्या, म्हणजे खानदेशच्या जुन्या सुलतानांच्या, कबरी आहेत, त्यांचा पहिला मलिक राजा 1399 मध्ये गेला तो तिथलाच, आणि त्यातली अष्टकोनी कबर नक्षीने भरलेली. आठ बाजू म्हणजे तिरक्या उन्हाच्या वेळाही वेगवेगळ्या! नाव थांबेल, कुठे पळतंय. शिरपूरकडून कोण येतंय? डबा मी आणतो, भरताची वांगी आलीत बाजारात.